लुगड्याचं दुसरं टोक

बनुबाईनं लुगड्याचं एक टोक धोंड्याखाली दाबलं, दुसरं दोन्ही मुठींत धरलं आणि गुडघाभर पाण्यात वाकून ती नदीतल्या कोंडाच्या कडेकडेनं सरकू लागली. जुनं पातळ लुगडं पाण्यात फुगलं. त्याच्या पोटात मळ्या माशांचा एक घोळका आला, बोटाएवढे, पाठीवर शेवाळी रंग घेतलेले. आला, वळला आणि धोंड्यापाशी राहिलेल्या सापटीतून एकामागून एक निसटून गेला. तिनं लुगडं ओढून वर घेतलं तेव्हा त्यात करंजाची फुलं होती, कुजका पाला होता आणि उड्या मारणारा एक झिंगा.

झिंगा चिमटीत धरून तिनं हंड्यात सोडला. काठावर करंजाच्या सावलीत ठेवलेल्या त्या हंड्यात तो एकटाच गोल फिरत राहिला.

हे दोघींचं काम होतं. धोंड्याला ते कसं जमावं?

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या अंगावरून उड्या टाकत येणारी मुळा इथं वाडीखाली इतकी दांडगी होते, की या काठाचा माणूस त्या काठाच्या माणसाला हातवारे करून बोलतो. दिवाळीनंतर ती निवळते. होळीला तिचा आवाज जातो. चैत्र सरता सरता तिची धार तुटते आणि खडकाखडकांत नुसते कोंड उरतात, माळेचा दोरा तुटून मणी सांडावेत तसे. मग रोज पाणी वीतभर खाली जातं, ऊन तळापर्यंत पोचतं, मासे तोंडं वर काढून वारा पिऊ लागतात. बगळ्यांना हे कळतं. ते काठाला येऊन उभे राहतात. त्यांना घाई नसते.

फक्त खालच्या अंगाला, म्हाताऱ्या उंबराखालचा डोह आटत नाही. त्यात कुणी गळ टाकत नाही. वैशाखात कोंडातले मासे हंड्यात घेऊन त्या डोहात सोडायची वाडीच्या बायांची जुनी रीत होती. तिला ‘डोहाला लावून देणं’ म्हणत, लेक सासरी लावून द्यावी तसं. हंडा ओतायचा नाही. पाण्यात आडवा धरायचा आणि ज्याला जसं जमेल तसं त्यानं निघायचं. आता बाकीच्या घरांनी रीत सोडली होती. तरणी पोरं कामाला खाली गेली, मागे राहिलेली कोंडात पावडर टाकून मेलेले मासे पाटीनं गोळा करत. पण बनुबाईच्या घरात ती चालू होती. लुगड्याचं एक टोक आधी तिच्या सासूनं धरलं, मग तिनं. आणि दुसरं टोक तिच्या लेकीनं, सवितानं, परकर खोचता यायला लागला तेव्हापासून. लग्न होऊन नागापूरला गेल्यावरही सविता वैशाखात यायची. तिचा नवरा राम कारखान्यात रजा मिळत नाही म्हणायचा, ती एकटी एस्टीनं यायची.

परसालच्या आदल्या पावसाळ्यात, नागापूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत ती तापानं गेली. परसाल वैशाखात बनुबाई नदीवर उतरलीच नाही. पुढं उतरली तेव्हा कोंडाच्या तळाला पापडासारखा चिखल सुटला होता आणि त्याला रुपेरी खवले चिकटलेले होते.

यंदाही ती आली नसती. पण आज घरात थांबायचं नव्हतं.

रामनं दुसरं लग्न केलं होतं. त्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नव्हतं. पुरुषमाणूस, वय लहान. कारभारीनं, बनुबाईच्या नवऱ्यानं, जावयाला स्वतः फोन करून सांगितलं होतं, बोहल्यावर बस बाबा कुठंतरी. पण दुसरीनं पहिलीच्या माहेरी यायचं असतं, तिच्या आईच्या हातून ओटी भरून घ्यायची असते. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. त्याआधी येऊन जातो, असा रामचा निरोप होता.

कारभारीनं खण-नारळ आणून देवळीत ठेवला. बनुबाईनं तो उचलून मागच्या फळीवर टाकला. मग चुलीपुढं बसून तिनं नवऱ्याला सांगितलं, की त्या दुसरीच्या गळ्यातला टाक मी मागून घेणार आणि डोहात सोडणार.

पहिली वारली की दुसरीनं तिच्या नावाचा चांदीचा टाक, बाईची मूर्ती ठोकलेला लहानसा पत्रा, गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, पहिला घास आधी त्याला दाखवायचा. बनुबाईनं आपल्या उमरीत कितीजणींच्या गळ्यात असे टाक पाहिले होते, कधी काही वाटलं नव्हतं. आता रात्री डोळा लागला की तिला तेवढंच दिसायचं: आपली लेक दोऱ्याला लटकून दुसरीच्या अंगावर हिंदकळते आहे.

कारभारीनं बराच वेळ विस्तव हलवला.

“तिची सासू तिला घरात घेनार न्हाई मंग,” एवढंच तो म्हणाला.

“न घेऊ दे.”

सकाळी मोटारसायकलचा आवाज वळणावर आला तशी बनुबाई हंडा आणि लुगडं घेऊन मागच्या दारानं उतरली होती.

आता ऊन करंजाच्या शेंड्यावर आलं होतं. पलीकडच्या खडकावर खंड्या बसला होता, निळाभोर, मान आखडून. त्यानं सूर मारला आणि बनुबाईला न जमलेलं काम एका झेपेत करून तो परत जागेवर गेला. तिनं पुन्हा धोंडा नीट लावला. पुन्हा मासे सापटीतून गेले.

वरच्या पायवाटेवरून खडे घरंगळले. एक पोरगी उतरत होती, एका हातात चपला, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. सावळी, काटकुळी, विशीच्या जरा पुढची. नवं पातळ तिला नीट सावरत नव्हतं. काठाला येऊन ती थांबली.

“अन्नांनी भाकरी दिली,” ती म्हणाली. “मी आरती.”

बनुबाईनं मान वर केली नाही. कारभारीला राम अण्णा म्हणायचा, तेच हिनंही उचललं होतं. ‘आरती’ हे नाव तिला ठाऊक होतं. लग्नपत्रिका वाचून दाखवायला तिनंच सांगितलं होतं आणि मधेच बास म्हटलं होतं.

पोरगी उभीच राहिली. धोंड्याखालचं टोक, हलणारं लुगडं, निसटणारे मासे, सगळं तिनं पाहिलं. मग भाकरीचं फडकं खडकावर ठेवून ती पाण्यात उतरली.

“आई, हे मी धरू का?”

“आई कोनाला म्हनती?”

“मंग काय म्हनू?”

बनुबाईनं हनुवटीनंच धोंडा दाखवला. आरतीनं तो बाजूला लोटला आणि टोक हातात घेतलं.

कुणीतरी दुसऱ्या बाजूनं लुगडं धरलं की त्याचा ताण वेगळाच येतो. तो मुठीतून खांद्यापर्यंत चढतो. बनुबाई क्षणभर तशीच वाकून उभी राहिली. मग कोरड्या आवाजात सांगू लागली, टोक तळाला घासत न्यायचं, पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे, आणि मी म्हणेपर्यंत वर घ्यायचं नाही. दोघी सरकू लागल्या. घोळका पुढं पुढं कोपऱ्याकडं चालला. एवढ्यात आरतीच्या पोटरीला काहीतरी लांबडं, बुळबुळीत घासून गेलं. तिच्या हातातलं टोक सुटलं आणि ती मटकन पाण्यात बसली.

सगळे मासे गेले.

“वांब हाय ती. साप न्हवं,” बनुबाई म्हणाली. “साप असता तरी तुला काय खानार? नुसती हाडं हायती.”

“आमच्याकडं न्हाई असलं काही,” आरती ओलं पातळ पिळत म्हणाली. “मी पारनेरची. आमच्याकडं नदी म्हंजी पूल असतो. पानी नसतं.”

बनुबाईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तो तिनं पदरानं पुसून टाकला.

पुढच्या खेपेला जमलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी जमलं. आरती चटकन शिकत होती. बनुबाईचा खांदा खाली गेला की तिचा जायचा, हा थांबला की तो थांबायचा. लुगडं वर येताना पाणी गळून जायचं आणि झोळीत चांदीचा नुसता चुरा वळवळायचा. हंडा भरू लागला. उंबराकडून शेकरूचा खडखडाट आला. आरतीनं दचकून वर पाहिलं तर तांबूस शेपटीचा झुपका या झाडावरून त्या झाडावर गेला, फांदी तेवढी हलत राहिली. बगळे चार पावलं मागं सरकून उभे होते, रुसल्यासारखे.

हातांना लय सापडली आणि बनुबाईच्या नकळत तिच्या तोंडून आलं:

“आटली गं नदी, पानी कोंडाच्या कोनाला…”

ती थांबली. पुढची ओळ तिची नव्हती. ती पलीकडच्या टोकाकडून यायची, ‘मासुळी माझी बाई, लावून देते मी डोहाला’, सविता ती नाकात म्हणायची आणि शेवटी हसायची. पलीकडं आरती टोक धरून वाकली होती. तिनं मान वर करून पाहिलं, पुढं काहीतरी असेल म्हणून वाट पाहिली. खंड्या मात्र ओरडला.

“ओढ,” बनुबाई म्हणाली.

आरती ओढायला वाकली तेव्हा तिच्या झंपराच्या आतून काळा दोरा बाहेर आला आणि त्याच्या टोकाला टाक झुलू लागला. बनुबाईनं पाहिलं. चांदीची कोरी पाठ. उन्हात एकदा इकडं चमकली, एकदा तिकडं.

हंडा भरल्यावर दोघी करंजाखाली बसल्या. हंड्यावर ओलं लुगडं टाकलं. वरून फुलं टपटपत होती, जांभळट पांढरी, खडक सगळा लाह्या सांडल्यासारखा झाला होता. आरतीनं भाकरी सोडली. त्याच फडक्यातून एक लहानसा डबाही काढला; घरून आणला होता म्हणाली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, डब्यातलं बोटभर त्यावर घेतलं आणि खाण्याआधी दोऱ्यातल्या टाकाला लावलं. सवयीनं, कुंकू लावावं तितक्या सहज.

“काय लावलं?” बनुबाईनं विचारलं.

“सुकटीची चटनी हाय.”

“ती मासळी खात न्हवती.”

आरतीचा हात तिथंच राहिला.

“कधीच?”

“धाकटी हुती तवापास्नं. ज्यांना हंड्यात घालून न्यायचं त्यांना ताटात कसं घ्यायचं, म्हनायची. घरात कालवन केलं की हिच्यासाठी येगळं पिठलं.”

आरतीनं घास खाली ठेवला. सासूनं सांगितलं होतं, जे शिजेल ते आधी तिला दाखवायचं. दर बुधवारी नागापूरच्या बाजारातून बोंबील, सुकट येतं, त्यातला मोठा तुकडा ती आधी टाकापुढं ठेवायची. चांगलं तेच द्यावं म्हणून. लग्नापासून एक बुधवार चुकला नव्हता. हे सगळं ती थांबत थांबत, भाकरीकडं बघत सांगत होती.

“म्हंजी दर बुधवारी उपाशी निजवलं मी त्यांना,” ती म्हणाली.

बनुबाईच्या छातीतून एक आवाज आला. हसण्यासारखा निघाला, पण वाटेत फुटला. तिनं पदर तोंडाशी धरला. बराच वेळ खांदे हलत होते. आरती घाबरून बघत राहिली.

“ताट सरकवलं असंल तिनं,” बनुबाई शेवटी म्हणाली. “बोटानं असं. नाक मुरडून. बोलायची न्हाई काही, नुसतं सरकवायची.”

आरतीनं डब्याचं झाकण लावलं. कोऱ्या भाकरीचा एक तुकडा मोडला आणि पुन्हा टाकाला लावला. मग तोच खाल्ला.

पाण्यावर टिटवी फिरून गेली. बनुबाईनं टाकाकडं पाहिलं.

“तोंड आत का?”

आरती पायाच्या अंगठ्यानं फुलं गोळा करत राहिली.

“घर ताईंचं,” ती म्हणाली. “भांड्यावर नावं ताईंची. हे कामावरनं आले की मी पानी देते, मंग… ताईंनी कशाला बघायचं? म्हनून आत केलं. सासू बाहेर वळवती. मी परत आत करती.”

बनुबाई उठली. तिनं हंड्याचा एक कान धरला. दुसरा आरतीनं धरला.

डोहापर्यंतची वाट खडकांची होती. मधे हंडा दोनदा टेकवावा लागला. उंबराखाली एकदम गार झालं. इथं ऊन नाण्यांएवढंच पडायचं, तेही पाण्यावर हलत राहायचं. डोहाचं पाणी काळं होतं आणि तळ दिसत नव्हता. दोघी कंबरेपर्यंत उतरल्या. बनुबाईनं हंडा आडवा केला, त्याच्या तोंडाशी पाण्याला पाणी मिळालं, आणि ती स्तब्ध झाली. आरतीनं हंडा तिरपा करायला हात घातला तसा तिनं तो अडवला.

“ओतायचं न्हाई. जाऊ दे जसं जायचं तसं.”

आधी एक गेला. मग चार. मग सगळा घोळका एका वळणात निघाला आणि काळ्या पाण्यात विझला. झिंगे मागं मागं सरकत गेले. शेवटी हंड्याच्या बुडाशी एकच मळ्या उरला. तोंड बाहेर, अंग आत. शेपटी हलवत तिथंच.

दर साली असा एक राहायचाच. ‘हिचा पाय निघंना गं आये,’ सविता म्हणायची, आणि जाईपर्यंत हंडा धरून बसायची, पायाला मुंग्या आल्या तरी. बनुबाईनं हे आरतीला सांगितलं नाही. ती हंडा धरून राहिली.

आरतीनं दोन्ही हात मानेमागं नेले. गाठ ओली होती, सुटायला वेळ लागला. दोरा काढून तिनं टाक बनुबाईपुढं धरला.

“वाटंला लावताना अन्ना बोलले. तुमाला हा पायजे म्हनून.”

“सासूला काय सांगशील?”

“नदीत वाहून गेला म्हनीन.”

“कुठंय नदी वाहती?”

आरतीनं हात मात्र मागं घेतला नाही.

बनुबाईनं एका हातानं हंडा धरला आणि दुसऱ्या हातात टाक घेतला. पहिल्यांदाच ती त्याचं तोंड बघत होती. सोनारानं ठशावर ठोकून काढलेली बाई: दोन टिंबांचे डोळे, एक रेघ म्हणजे ओठ, कमरेवर हात. नगरच्या बाजारात अशा ढिगानं मिळत असतील. नाक सवितासारखं नव्हतं. काहीच सवितासारखं नव्हतं. एवढ्यासाठी आपण रात्री जाग्या राहिलो.

पण टाक कोमट होता, आरतीच्या अंगाच्या उबेनं.

नुकतीच कुशीतून उठलेल्या लेकराच्या गालासारखा. बनुबाईनं मूठ मिटली. डोहाचं पाणी तिच्या बोटांतून निथळत होतं. हात सकाळपासून पाण्यातच होता, सुरकुतून पांढरा पडला होता. मुठीच्या आत चांदी निवू लागली. आधी कडा निवल्या, मग मधला भाग. तिनं मूठ आणखी घट्ट केली, छातीशी नेली, ओल्या पदरात दाबली. तरी ती निवतच गेली. डोह पुढ्यात होता. नुसती बोटं उघडायची होती.

“हिकडं ये,” ती म्हणाली.

आरती जवळ आली. बनुबाईनं हंडा तिच्या हाती दिला, तिच्या मागं जाऊन मानेवरचे ओले केस बाजूला केले आणि दोरा बांधला. एक गाठ दिली. तिच्यावर दुसरी दिली. मग पुढं येऊन टाक नीट केला, तोंड बाहेरच्या बाजूला, पाण्याकडं.

“जरा बघू दे तिला.”

दोघी तशाच उभ्या राहिल्या. उंबराचं एक फळ पाण्यात पडलं, त्याची वर्तुळं दोघींच्या कमरेपर्यंत येऊन गेली. वर कुठंतरी शेकरू पुन्हा खडखडलं. बनुबाईनं एकदा ओठ हलवले, ती अडलेली दुसरी ओळ असावी, पण आवाज आला नाही.

आरतीनं हंड्यात डोकावून पाहिलं. तो रिकामा होता. मळ्या कधी गेला ते दोघींपैकी कुणाला दिसलं नव्हतं.

“वरच्या कोंडात अजून हायती,” आरती म्हणाली. “ऊन चढलं.”

“व्हय.”

आरतीनं हंडा उचलून कमरेवर घेतला आणि काठाकडं वळली. बनुबाईनं तिला दंडाला धरून थांबवलं. आधी तिनं आपला हात पदराच्या वरच्या, न भिजलेल्या टोकाला पुसला, बोट न् बोट. मग तिनं टाक हलकेच धरला आणि त्याचं तोंड आत, आरतीच्या उबेकडं, वळवलं.